थिबा राजवाडा आणि भोवतालची वस्ती

रत्नागिरी शहराच्या कडेला, उंचवट्यावर, उतरत्या छपरांची एक तिमजली वास्तू उभी आहे. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा याच्यासाठी इंग्रज सरकारने ती बांधविली आणि १९१० मध्ये राजा सहकुटुंब तेथे राहावयास गेला. त्या काळी ही जागा गावाबाहेरची मानली जाई. आज राजवाड्याच्या सभोवार बंगले आणि सदनिका यांची वस्ती झाली असून, थिबाचे नाव आता रस्त्याला व रोजच्या पत्त्याला चिकटले आहे.

१८८५ च्या युद्धानंतर राजाला मंडालेहून काढून प्रथम मद्रासला आणि १८८६ मध्ये रत्नागिरीस आणण्यात आले. हे गाव निवडण्यामागे सरकारचा हिशेब उघड होता. पाठीशी सह्याद्री, समोर समुद्र, आगगाडीचा पत्ता नाही आणि पावसाळ्यात बोटीही बंद. बंदिवानास दूर ठेवण्यास याहून सोयीची जागा कोणती? इतिहासाचा योगायोग असा की, ज्या रत्नागिरीत लोकमान्य टिळकांचा १८५६ मध्ये जन्म झाला, तेथे मंडालेचा राजा कैदेत असतानाच १९०८ ते १९१४ या काळात टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. पुढे १९२४ ते १९३७ अशी तेरा वर्षे सावरकरांनाही रत्नागिरी जिल्ह्यातच स्थानबद्ध ठेवण्यात आले.

राज्यकर्त्यांच्या दृष्टीने जी सोय, तीच येथील रहिवाशांची अडचण होती. ज्या दुर्गमतेमुळे राजा येथे आला, तिच्यामुळेच येथील तरुण मुंबईच्या गिरण्यांत गेला आणि घरची चूल मनीऑर्डरीवर पेटू लागली. राजाला सरकारी तनखा मिळत होता. गावकऱ्याला चाकरमान्याच्या पाकिटाची वाट पाहावी लागे. बाहेरून येणाऱ्या पैशावर जगणे हे मात्र दोघांच्याही नशिबी होते.

१९१६ मध्ये थिबा रत्नागिरीतच वारला आणि १९१९ मध्ये त्याचे कुटुंब ब्रह्मदेशी परतले. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीस आली व १९४७ मध्ये येथेच तिचा अंत झाला. तिच्या मुलीने याच शहरात, सामान्य वस्तीत, गरिबीत संसार केला. ती मराठी बोलणारी रत्नागिरीकरीण झाली. राजवाड्याने तिला सावली दिली नाही. ती दिली शेजाऱ्यापाजाऱ्यांनी. वास्तूची किंमत आणि वस्तीची किंमत यांतील फरक याहून स्पष्ट करता येणार नाही.

१९९८ मध्ये कोकण रेल्वेचा मार्ग पूर्ण झाला आणि जुनी दुर्गमता संपली. मुंबईहून निवृत्त होऊन येणारा कारकून, बदलीवर आलेला शिक्षक, बाहेरगावचा विद्यार्थी या सर्वांना निवारा हवा होता. जमिनीला भाव आला. वाडी तोडून भूखंड पडले. यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. आयुष्यभराच्या भविष्यनिर्वाह निधीतून दोन खोल्या बांधणाऱ्यास ऐतिहासिक वारशाची प्रवचने ऐकविणे न्यायाचे नव्हे.

तथापि, बाजारभावात न मोजता येणारेही काही मोल असते. राजवाड्याभोवतालचे मोकळे आवार, तेथून दिसणारी खाडी, जांभ्याच्या सड्यात मुरणारे पावसाचे पाणी यांचा मोबदला कोणाही एका मालकाच्या खिशात पडत नाही. म्हणून बाजार त्यांची राखण करीत नाही. ती जबाबदारी सार्वजनिक संस्थांचीच आहे. वास्तू संरक्षित करावयाची आणि परिसर मोकाट सोडावयाचा, हे धोरण अपुरे होय. इमारतींच्या उंचीला मर्यादा, झाडांची जपणूक, अंगणात पाणी मुरविण्याची सक्ती आणि शिवाजीनगरातील राजाच्या समाधीची नीट देखभाल, एवढे साधले तरी पुष्कळ झाले. शाळांनीही मुलांना वर्षातून एकदा तेथे न्यावे. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन समाधीदर्शनासाठी येथवर आले. शेजारच्या आळीतील मुलास मात्र ती समाधी कोणाची हे ठाऊक नसावे, हे शोभणारे नाही.

परक्या सत्तेने एका माणसाला जगापासून तोडण्यासाठी हे घर बांधले. त्याच घराच्या आधाराने एखादी वस्ती आपल्या इतिहासाशी आणि जगाशी जोडली गेली, तर त्या बंदिवासाचे काही उतराई झाल्यासारखे होईल.