शटरवरची लक्ष्मी

मित्रहो, आज एकच कलाकृती घेऊ. अतुल डोडिया हे मुंबईचे, घाटकोपरचे चित्रकार, जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले. २००० नंतरच्या काळात त्यांनी दुकानांच्या लोखंडी शटरवर चित्रं काढली. शटरचं चित्र नव्हे बरं का, वर-खाली होणारं खरं शटर. त्यातलंच एक 'महालक्ष्मी'.

शटर खाली असताना कॅलेंडरवर असते तशी लक्ष्मी दिसते. दुकानदाराच्या गल्ल्यामागे असते तीच. शटर वर गेलं की आत तीन तरुण मुली. बापाजवळ हुंड्याला पैसे नाहीत म्हणून जीव दिलेल्या बहिणी. कानपूरची १९८८ ची बातमी तुमच्यापैकी काहींना आठवत असेल.

आता, चित्रकाराने दुकानच का निवडलं? हुंडा ही जुनी, मागासलेली रूढी आहे, शिक्षण वाढलं की जाईल, असं आपण म्हणत आलो. १९६१ मध्ये बंदीचा कायदा झाला. पण हुंड्याची यादी बघा. आधी सायकल, घड्याळ, रेडिओ, मग स्कूटर, फ्रिज, मग मोटार. बाजारात जे जे नवं आलं, ते यादीत आलं. स्वतःच्या कमाईत न बसणारी हौस भागवण्याची वाट म्हणजे लग्न. रूढी जुनी असेल, तिची भूक मात्र ताजी आहे.

आणि हा व्यवहारही विचित्र. दुकानात पैसे देणारा वस्तू घरी नेतो. इथे मुलीचा बाप पैसे देतो आणि मुलगीही देतो. तरी ओझं कोण? मुलगी! कांट म्हणतो, ज्याला किंमत असते त्याच्या जागी दुसरं काही ठेवता येतं. माणसाला किंमत नसते, प्रतिष्ठा असते. आपण नवरदेवाला 'दर' लावला, डॉक्टरचा वेगळा, इंजिनियरचा वेगळा. म्हणजे प्रतिष्ठा त्याचीही गेली. त्याला ती वाढल्यासारखी वाटते, एवढंच.

माप ओलांडून येणाऱ्या सुनेला आपण लक्ष्मी म्हणतो. कौतुकानेच म्हणतो, पण लक्ष्मी म्हणजे पैसाही. डोडियांनी या शब्दावर शब्दाने टीका केलेली नाही. त्यांनी फक्त शटर बसवलं. त्या मुली पूर्ण दिसायच्या तर लक्ष्मीला वर गुंडाळावं लागतं, आणि लक्ष्मी पूर्ण दिसायची तर मुली झाकाव्या लागतात. शिवाय ते शटर आपणहून हलत नाही, कुणीतरी हाताने ओढावं लागतं.

प्रश्न असतील तर आता घेऊ या.