गुडघ्यांतील कूर्चा आणि चुंबकाचें चित्र

हिंगोली जिल्ह्यांतील नर्सी नामदेव येथून पंढरीची वाट चालणारा वारकरी असो, किंवा वसमतकडे हळदीच्या रानांत उकिडवी बसून खुरपणारी बाई असो, उतारवयांत दोघांचेंही गाऱ्हाणें पुष्कळदां एकच असतें: गुडघे धरले.

गुडघ्यांतील हाडांच्या टोकांवर कूर्चेचें कांहीं मिलिमीटर जाडीचें गुळगुळीत अस्तर असतें. त्यांत रक्तवाहिन्या नाहींत आणि मज्जातंतूही नाहींत. त्यामुळें झिजतांना तें स्वतः दुखत नाहीं, आणि झिजल्यावर सहसा भरून येत नाहीं. क्ष-किरणांच्या चित्रांत हाडें दिसतात, कूर्चा दिसत नाहीं. दोन हाडांमधील अंतर घटलेलें पाहून झिजेचें अनुमान करावयाचें, इतकेंच.

ही उणीव एम. आर. आय. यंत्रानें भरून काढली. कूर्चेंत सुमारें ७० ते ८० टक्के पाणी असतें. प्रबळ चुंबकाच्या क्षेत्रांत रेडिओलहरी सोडल्या म्हणजे त्या पाण्यांतील हायड्रोजनचीं अणुकेंद्रें प्रतिसाद देतात व त्यावरून संगणक चित्र रचतो. या शोधाबद्दल लॉटरबर व मॅन्सफील्ड यांस २००३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

परंतु चित्र मिळालें म्हणजे निदान पुरें झालें असें नव्हे. मुळींच वेदना नसलेल्या अनेक वृद्धांच्या गुडघ्यांतही अशी झीज आढळते. म्हणून नेहमींच्या संधिवातांत डॉक्टरांची प्रत्यक्ष तपासणी व उभें राहून घेतलेलें क्ष-किरणचित्र बहुधा पुरेसें होतें. सांध्यांतील गादी फाटल्याचा संशय असेल किंवा निदान ठरत नसेल, तेव्हां या खर्चिक चित्राचा खरा उपयोग. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम करणें आणि वजन आटोक्यांत ठेवणें, यांसाठीं मात्र कोणत्याही चित्राची वाट पाहावी लागत नाहीं.