शेतावरची हवा आणि दम्याचा पंप

अमेरिकेत मुलाकडे गेलेल्या आईवडिलांना पहिल्या फेरीत नायगारा दाखवतात. आमचा तो पाहून झाला होता. त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरात आम्ही ओहायो राज्यातील कोलंबस शहरी असताना मुलगा म्हणाला, "बाबा, या शनिवार-रविवारी आमिश लोकांच्या भागात जाऊ. लाकडी केबिन भाड्याने मिळते. पोरांना गाई-घोडे दिसतील आणि टीव्ही दिसणार नाही." घरात दोन पोरे, नातू चार वर्षांचा आणि नात दोनची. नातवाला दमा आहे. लेखाचा विषय हाच, म्हणून आधी सांगितले.

आमिश म्हणजे स्वित्झर्लंड आणि त्याच्या आसपासच्या मुलखातून सुमारे तीनशे वर्षांपूर्वीपासून अमेरिकेत आलेला एक ख्रिस्ती पंथ. मोटार बाळगायची नाही, घरात बाहेरून विजेची तार घ्यायची नाही, शेत घोड्यांनी नांगरायचे, अशी त्यांची रीत. घरात जर्मनची एक बोली बोलतात. पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर आणि ओहायोतील होम्स काउंटी या त्यांच्या दोन सर्वांत मोठ्या वस्त्या. आम्ही होम्स काउंटीत गेलो. कोलंबसहून मोटारीने दोन तास लागतात. टेकड्याटेकड्यांचा मुलूख आहे. दोरीवर वाळत घातलेले गडद रंगाचे कपडे दिसतात आणि रस्त्याने काळ्या बग्ग्या जातात. बग्गीच्या पाठीमागे नारिंगी त्रिकोण लावलेला असतो, मागून येणाऱ्या मोटारीने वेग आवरावा म्हणून. त्यांचे फोटो काढलेले त्यांना आवडत नाहीत. आम्ही कॅमेरा पिशवीतच ठेवला.

पर्यटकांच्या केबिनमध्ये मात्र वीज, फ्रिज, गरम पाणी असे सगळे असते. आमच्या केबिनला लाकडे जाळायची शेगडी आणि ओसरीवर गरम पाण्याचा मोठा टबही होता. नातवाला त्यात उतरायचेच होते. पाच वर्षांखालील मुलांनी अशा टबात उतरू नये, त्यांचे अंग फार लवकर तापते. थोडी रडारड झाली आणि संपली.

आता माझी चूक सांगतो. निघताना सूनबाई सामान भरत होती. तिने विचारले, "बाबा, पंप घेतलाय. स्पेसर घेऊ का? पिशवीत मावत नाहीये." मी बालरोगतज्ज्ञ, पस्तीस वर्षे दम्याची मुले तपासली. तरी म्हणालो, "राहू दे गं. आमिश मुलांना दमा होत नाही. तिथली हवाच औषध आहे."

हे मी हवेतून काढलेले नव्हते. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २०१६ साली एक अभ्यास आला होता आणि त्यावर मी याच सदरात मोठ्या कौतुकाने लिहिले होते. इंडियाना राज्यातील आमिश आणि साउथ डाकोटातील हटेराइट अशा दोन पंथांच्या शाळकरी मुलांची त्यात तुलना होती. दोघांचे पूर्वज मध्य युरोपातले. दोन्हीकडे मोठी कुटुंबे, मुलांना दीर्घकाळ अंगावर पाजणे, घरात कुत्री-मांजरी न ठेवणे. फरक शेतीत. हटेराइटांची मोठी सामाईक शेते यंत्रांवर चालतात आणि लहान मुले गोठ्यापासून दूर राहतात. आमिशांचा गोठा घराला लागून असतो आणि रांगते पोरही तिथे पोहोचते. आमिश मुलांत दम्याचे प्रमाण सुमारे ५ टक्के, तर हटेराइट मुलांत २१ टक्क्यांच्या वर. आमिश घरांतल्या धुळीत जंतूंचा अंश जवळजवळ सातपट होता. ती धूळ उंदरांच्या नाकात सोडली तेव्हा उंदरांनाही दम्यापासून संरक्षण मिळाले.

अभ्यास पक्का आहे. चूक माझ्या वाचनात होती. हे संरक्षण मिळते ते त्या गोठ्याशेजारी जन्मून वाढणाऱ्या बाळाला. आई गरोदर असल्यापासून आणि पहिल्या एक-दोन वर्षांत त्याची प्रतिकारशक्ती त्या धुळीशी ओळख करून घेते. ज्या मुलाच्या श्वासनलिका आधीच हुळहुळ्या झाल्या आहेत, त्याला तीच धूळ, तेच वाळलेले गवत आणि जनावरांचा कोंडा दम्याची ठिणगी ठरू शकतो. दोन दिवसांच्या पाहुण्याला आमिश छाती मिळत नाही. मी मात्र पुढची दोन पावले सोडून निष्कर्षावर उडी मारली. डॉक्टरांचेही असे होते.

शनिवारी आम्ही पाहुण्यांसाठी खुल्या असलेल्या एका शेतावर गेलो. पोरांनी वासरांना हात चाटू दिले, मांजरीची पिल्ले उचलली. नातू गवताच्या गंजीवर चढून पाच-सहा वेळा घसरला. त्याचा आनंद पाहून मीही हसत उभा राहिलो. संध्याकाळी गारठा पडला म्हणून मुलाने केबिनमधली शेगडी पेटवली. लाकूड थोडे ओले असावे. आपल्याकडे चुलीच्या धुराने खोकणारी मुले मी आयुष्यभर पाहिली, पण ती काचेच्या दारामागची शेगडी पाहून मला चूल आठवली नाही.

रात्री दीडला सूनबाईने दार वाजवले. नातू अंथरुणात बसून होता. खोकल्याची ढास लागलेली, छातीत सूं सूं आवाज, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग किंचित आत ओढला जात होता. शब्द तुटक येत होते, पण येत होते. ओठ निळे नव्हते. पंप होता, स्पेसर नव्हता. चार वर्षांच्या मुलाच्या तोंडात नुसता पंप धरून दाबला तर बहुतेक औषध जिभेवर आणि टाळ्यावर बसते, छातीत फार थोडे उतरते. पंपाचा फवारा आधी एका पोकळ नळकांड्यात सोडून मुलाने तिथून सावकाश श्वास घ्यायचा, यासाठी स्पेसर असतो.

अशा वेळी १९९९ सालचा एक जुना अभ्यास कामी आला. दक्षिण आफ्रिकेतील केप टाउनच्या डॉक्टरांनी शीतपेयाच्या अर्ध्या लिटरच्या साध्या प्लास्टिक बाटलीचा स्पेसर करून दाखवला होता आणि तो विकतच्या स्पेसरइतकाच चालला होता. मी रिकामी बाटली धुतली, झटकून कोरडी केली. बुडाला पंपाचे तोंड घट्ट बसेल एवढेच भोक पाडले, सांधा चिकटपट्टीने बंद केला. बाटलीचे तोंड नातवाच्या ओठांत दिले. एक फवारा, मग सावकाश पाच-सहा श्वास, पंप हलवून पुन्हा एक फवारा. त्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलेले प्रमाण पंपाच्या डबीवर होते, तेवढेच दिले. मुलाने शेगडी विझवली, खिडकी उघडली आणि मोटारीची किल्ली हातात घेऊन उभा राहिला. वीस मिनिटांत उतार पडला नाही तर मिलर्सबर्गच्या रुग्णालयात जायचे ठरले होते. सूनबाई मला एक शब्द बोलली नाही. ती वीस मिनिटे मला माझ्या परीक्षांच्या निकालांपेक्षा लांब वाटली.

अठराव्या मिनिटाला नातू म्हणाला, "आजोबा, तहान लागली." मग झोपला. आम्ही कोणी झोपलो नाही.

तरीही घाबरून सहल रद्द करा, असे मी सांगणार नाही. रविवारी सकाळी सगळी दुकाने बंद होती, आमिश कुटुंबे बग्ग्यांतून चालली होती. त्यांची प्रार्थना पाळीपाळीने कोणाच्या तरी घरीच होते. नातू गोठ्यापासून लांब, कुंपणाकडेने घोडे मोजत तासभर चालला आणि एकदाही खोकला नाही. चालण्यावरून आठवले, कॅनडातील आमिश पुरुषांना पावले मोजण्याचे यंत्र लावले तेव्हा दिवसाला सरासरी १८ हजारांवर पावले भरली. आपली चार हजार झाली तरी पुष्कळ!

मुलांना गोठ्यात न्यायचे तर आणखी दोन-तीन गोष्टी पाहाव्यात. वासराला हात लावल्यावर साबण आणि वाहते पाणी हवेच. नुसते बाटलीतले सॅनिटायझर पुरत नाही. धारोष्ण दूध कितीही मायेने दिले तरी पाच वर्षांखालच्या मुलाला देऊ नये. त्यातल्या ई-कोलायच्या एका जातीने लहान मुलांचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. कच्चे दूध पिणाऱ्या शेतकऱ्यांच्या मुलांत दमा कमी, असे युरोपातले अभ्यास सांगतात हे खरे, पण तेच अभ्यासक ते प्यायला सांगत नाहीत. आपल्या आया दूध उकळतात ते बरोबरच आहे.

तिसरी गोष्ट गोचिडीची. घरी आल्यावर आंघोळीआधी पाहिले तर नातीच्या मोज्यावर एक गोचीड चालत होती. चावलेली नव्हती. तिकडे तिच्यामुळे लाइम नावाचा आजार होतो, आपल्याकडे सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात २०१६ पासून माकडताप दिसला तो दुसऱ्या जातीच्या गोचिडीमुळे. चिकटलेली असेल तर टोकदार चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ वर ओढावी. रॉकेल किंवा पेटती काडी लावू नये. लाइमचे जंतू अंगात शिरायला बहुधा चोवीस तासांहून अधिक वेळ लागतो, म्हणून त्याच दिवशी काखा, मान, केसांची मुळे, गुडघ्यामागची बाजू पाहून घ्यावी.

दम्याच्या मुलाला बोलता येत नसेल, पाणी पिता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर बाटली कापत बसू नये, तडक रुग्णालय गाठावे. बाटली ही अडचणीतली सोय आहे. नातवाला ती इतकी आवडली की खरा स्पेसर मिळाल्यावरही तो तीच मागत होता. सूनबाईने शेवटी ती धुऊन मोटारीच्या कप्प्यात ठेवली. नवा स्पेसर तिने पिशवीत सगळ्यांत आधी भरायला सुरुवात केली आहे. मला विचारत नाही.