कोपरात सूज नव्हतीच

ऑगस्ट २००४. भारतीय संघ हॉलंडमध्ये ॲमस्टेलव्हीनला खेळायला गेला होता आणि सचिन तेंडुलकरचं डावं कोपर बॅट धरू देत नव्हतं. चेंडू लागल्याचं कारण नव्हतं, कुठे पडल्याचंही नव्हतं. ऑक्टोबरात तो नागपूरच्या कसोटीत परतला, डिसेंबरात ढाक्याला नाबाद २४८ धावा करून त्यानं गावसकरांच्या ३४ शतकांशी बरोबरीही साधली. पण दुखणं पुन्हा उसळलं. अखेर २५ मे २००५ रोजी लंडनमध्ये डॉ. अँड्र्यू वॉलेस यांनी त्या कोपरावर शस्त्रक्रिया केली. नंतर कित्येक दिवस मुलगा अर्जुनची प्लास्टिकची बॅटही उचलवत नव्हती, असं सचिननं पुढे सांगितलं. दीड किलोच्या आसपास वजनाची बॅट लीलया फिरवणारा तोच हात!

या दुखण्याचं टेनिस एल्बो हे नाव त्या वर्षी महाराष्ट्रात घरोघरी पोचलं. दुखणं मात्र टेनिसवाल्यांपेक्षा कष्टकऱ्यांचंच जास्त. कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारांवर, माथेरानच्या आणि इरशाळगडाच्या अंगाला ज्या ठाकुरवाड्या आहेत, तिथल्या माणसाच्या हाताचं वर्षभराचं काम आठवून पाहा. राबासाठी झाडावर चढून कोयत्यानं फांद्या तोडायच्या, लावणीत वाकून आवण लावायचं, कापणीत विळा, मग झोडणी, मग मोळ्या. भात निघालं की त्याच खाचरात पोरांचं टेनिस बॉलचं क्रिकेट सुरू. प्रत्येक घावात, प्रत्येक फटक्यात मनगट ताठ धरावं लागतं, आणि तो ताण कोपराच्या बाहेरच्या हाडावर एका चिमुकल्या जागी येऊन थांबतो. मग एक दिवस पाण्याचा तांब्या उचलताना कळ जाते. निरगुडीचा पाला शेकतात, तेल चोळतात. शेक सुजेवर, आणि कोपरात सूज आहे हे सगळ्यांनीच गृहीत धरलेलं.

डॉक्टरांनीही. १८७३ मध्ये रुंगे या जर्मन वैद्यानं लिहून लिहून हात दुखणाऱ्यांमध्ये हे दुखणं नोंदवलं. दहा वर्षांत इंग्लंडमध्ये त्याला लॉन टेनिसचं नाव चिकटलं. पण आत बिघडलंय काय? १९३६ साली लंडनच्या जेम्स सिरियाक्स यांनी तोवरची मतं गोळा केली, तर सव्वीस वेगवेगळे बिघाड सांगितलेले निघाले. एका बोटाच्या टोकाखाली मावेल एवढ्या जागेसाठी सव्वीस निदानं! पुढे स्टेरॉइडची इंजेक्शनं आली. टोचलं की चार-सहा आठवडे बरं वाटे, त्यामुळे सुजेवरचा विश्वास आणखी पक्का झाला.

अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ आर्लिंग्टनला रॉबर्ट निर्शल नावाचे अस्थिशल्यविशारद होते. डिसेंबर १९७१ ते ऑक्टोबर १९७७ या काळात असे १,२१३ रुग्ण त्यांच्या नोंदीत आले. बहुतेकांना शस्त्रक्रिया लागलीच नाही. कशालाच दाद न देणारी ८८ कोपरं उरली, आणि ती उघडताना निर्शल यांनी एक पदर जास्त उचलला. खरी गोष्ट तिथे आहे.

मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला कंडरांनी बांधलेले असतात. वरवर पाहिलं तर तिथे एकच गठ्ठा दिसतो. आधीचे कित्येक शल्यविशारद तो सगळा गठ्ठाच हाडापासून सोडवत. निर्शल यांनी वरचा लांब स्नायू बाजूला सारला आणि त्याच्याखाली झाकलेल्या आखूड स्नायूच्या मुळाशी पाहिलं. हा स्नायू मधल्या बोटाच्या रेषेत तळहाताच्या पाठीवर जाऊन जुळतो. निरोगी कंडरा पांढरीशुभ्र, चकचकीत आणि घट्ट असते. इथे करडा, निस्तेज, पाणचट ऊतींचा पट्टा होता. दुसऱ्या कोपरातही तोच, तिसऱ्यातही तोच, आणि नेमक्या त्याच जागी.

सूक्ष्मदर्शकाखाली गूढ आणखी वाढलं. सूज म्हटली की पांढऱ्या पेशींची गर्दी हवी. ती नव्हतीच. होत्या अपक्व तंतुपेशी आणि अस्ताव्यस्त फुटलेल्या नव्या रक्तवाहिन्या. शरीरानं झीज भरायला घेतली होती आणि काम अर्ध्यात अडलं होतं. कंडरेला मुळातच रक्तपुरवठा कमी. आजची चीर भरायच्या आत उद्याचा घाव बसतो, परवाचा बसतो, आणि दुरुस्तीचा कच्चा माल तसाच साचत जातो. ज्या सुजेवर शंभर वर्षं उपचार झाले, ती जुनाट दुखण्यात जागेवरच नव्हती.

मग शस्त्रक्रियाही तेवढीच नेमकी झाली: करडा पट्टा तेवढा कापायचा, चांगल्या तंतूंना धक्का लावायचा नाही आणि पुन्हा शिवून घ्यायचं. १९७९ मध्ये निर्शल आणि पेट्रोन यांनी निकाल छापले. ८८ पैकी ६६ कोपरं उत्तम, नऊ चांगली, अकरा बेताची, दोन फसली. शंभरातले पंचाऐंशी रुग्ण पूर्वीसारखे खेळू-राबू लागले.

सचिनही परतला. २५ ऑक्टोबर २००५ला नागपुरात श्रीलंकेविरुद्ध ९३ धावा, आणि १० डिसेंबरला दिल्लीच्या कोटलावर पस्तिसावं कसोटी शतक.

गोष्ट इथेच संपती तर सोपं होतं. २००६ मध्ये ब्रिस्बेनच्या संशोधकांनी १९८ रुग्णांवर चाचणी केली. इंजेक्शनवाले सहा आठवड्यांनी सर्वांत पुढे होते आणि वर्षअखेरीस सर्वांत मागे. बरे झालेल्यांपैकी ७२ टक्क्यांचं दुखणं उलटलं होतं. त्याहून मोठा धक्का २०१८ साली सिडनीहून आला. क्रॉस्लाक आणि मरेल यांनी २६ रुग्णांचे दोन गट केले. तेरा जणांचा करडा पट्टा कापला. उरलेल्या तेरांची नुसती कातडी उघडून, कंडरा पाहून टाके घातले. कोणाचं काय केलं हे रुग्णांना सांगितलं नाही. सहा महिन्यांनी दोन्ही गट सारखेच सुधारलेले!

चाचणी लहान होती, पण तिच्याकडे डोळेझाक करता येत नाही. निर्शल यांना दिसलं ते खरंच होतं. बिघाड तिथेच आहे आणि तो सुजेचा नाही. मात्र तो कापल्यानंच माणूस बरा होतो का, यावर आता प्रश्नचिन्ह आहे. माझा कौल असा: दोन्ही गटांना जे सारखं मिळालं, ते मोलाचं असावं. हात थांबला, आणि मग बेताबेतानं कामाला लागला. सचिनलाही शस्त्रक्रियेनंतर पाच महिने मिळाले.

ठाकुरवाडीत पाच महिने कुठून आणायचे? लावणी थांबत नाही, कापणी थांबत नाही, आणि मजुरीचा खाडा म्हणजे चुलीचा खाडा. म्हणून मला शस्त्रक्रियेपेक्षा तिच्यानंतरच्या व्यायामाची गोष्ट वाडीत पोचायला हवी असं कळकळीनं वाटतं. तो घरच्या तांब्यानंही होतो. बसून हात मांडीवर टेकवायचा, तळवा जमिनीकडे, मनगट गुडघ्याबाहेर. दुसऱ्या हातानं मनगट वर उचलून द्यायचं आणि तांब्या धरून अगदी सावकाश खाली सोडायचं. सुरुवातीला तांब्या रिकामा. सोसेल तसं काही आठवड्यांनी त्यात पाणी वाढवायचं. थोडं दुखलं तर चालतं, दुसऱ्या दिवशी ठणका वाढला तर पाणी कमी करायचं. बोटांना मुंग्या येत असतील किंवा पकड सुटत असेल, तर मात्र कर्जत गाठून डॉक्टरांना दाखवायचं. आणि राबाच्या तोडीत घावांची पाळी घरातल्या दुसऱ्या हाताशी वाटून घ्यायची, निदान कोपर शांत होईपर्यंत.