मुरमावरचे बारा सेकंद

रब्बीची सुगी उरकली, चैत्र लागला की शिरूर तालुक्यात पाबळ-केंदूरकडच्या माळरानावर यात्रांचा हंगाम सुरू होतो, आणि यात्रा म्हटली की बैलगाडा आलाच. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातली, म्हणजे शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नरची शर्यतीची रीत सांगली-साताऱ्यापेक्षा अगदी वेगळी. तिकडे गाडीवर हाकणारा असतो आणि कितीतरी गाड्या एकदम सुटतात. इकडे घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या धावेवर, एका वेळी एकच गाडा. पुढे जुकाटाचे दोन बैल, मागे धुरेकरी दोन, आणि गाड्यावर कुणीच नाही. बैलांच्या पुढे घोडी, घोडीवर स्वार. खालून वर चढत गेलेली मुरमाड धाव, वरच्या टोकाला निशाण. जुंपणाऱ्यांनी हात सोडले की ‘भिर्रर्र’ अशी एकच आरोळी उठते आणि अकरा ते चौदा सेकंदांत त्या गाड्याची बारी संपलेली असते.

या बारीत शेजारून पळणारा प्रतिस्पर्धी नसतो. जमीन तीच, घड्याळ तेच. सकाळी पळालेला गाडा आणि संध्याकाळी पळालेला गाडा एकमेकांना दिसतही नाहीत. त्यांची गाठ पडते ती फक्त वहीतल्या सेकंदांत. आणि नेमक्या याच गोष्टीमुळे हा खेळ जगातल्या एका फार लांबच्या खेळाचा सख्खा भाऊ ठरतो. फिनलंडमध्ये १९५१ पासून जंगलातल्या कच्च्या, खडीच्या रस्त्यांवर मोटारींची रॅली होते. तिथेही गाड्या एकेक करून सुटतात, तिथेही रस्ता बंद करून वेळ मोजली जाते, तिथेही लोक झाडीत उभे राहून काही क्षणांसाठी समोरून जाणारी एक गाडी बघायला दिवस घालवतात. २०२५ साली तिथे काल्ले रोवनपेरा जिंकला तेव्हा वेळ लावलेल्या टप्प्यांवरची त्याची सरासरी ताशी १३० किलोमीटरला टेकली होती. डांबरावर नव्हे, मातीवर! आपल्याकडे अशी रॅली नाशिकने पाहिली आहे आणि पुण्याचे संजय टकले ती परदेशातल्या मातीवरही खेळले आहेत. पण शिरूरच्या माणसाला ‘घड्याळाशी शर्यत’ म्हणजे काय हे समजायला मोटारीची गरज नाही. घाट त्याला ते बालपणापासून शिकवतो.

सुट्या मातीवरचा वेग इतका थरारक का वाटतो? याचे उत्तर मातीच्या कणांत आहे.

डांबरी रस्त्यावर टायरचे रबर खडबडीत पृष्ठभागाला चिकटून असते. पकड किती मिळणार हे बऱ्यापैकी ठरलेले, आणि ती सुटते तेव्हा एकदम सुटते. मुरमावर मात्र घसरते ती जमीनच. वरचा कण खालच्या कणावरून सरकतो. शार्ल ओग्युस्तँ द कुलोंब या फ्रेंच अभियंत्याने १७७६ मध्ये छापलेल्या निबंधात मातीच्या ताकदीचे दोन भाग सांगितले, ते आजही बांधकामात वापरतात. एक भाग कण एकमेकांना धरून ठेवतात त्याचा, दुसरा ते एकमेकांवर घासतात त्याचा. आणि हा दुसरा भाग वरून दाब जितका जास्त तितका वाढतो. आपला मुरूम म्हणजे झिजलेला काळा बसाल्ट. त्याचे खडे नदीतल्या गोट्यांसारखे गुळगुळीत नसतात, कोनेदार असतात. दाब आला की ते एकमेकांत अडकतात. म्हणून चांगला दाबलेला मुरूम पायाखाली ‘धरतो’.

यात पाण्याची भूमिका विलक्षण आहे. कणांच्या फटींत थोडेसे पाणी असले की त्याचा पृष्ठताण कणांना जवळ ओढतो. ओलसर मुरूम कोरड्यापेक्षा घट्ट बसतो. पाणी इतके वाढले की फटी भरून गेल्या, तर ती ओढ संपते आणि चिखल होतो. यात्रेआधी घाटावर पाणी मारणारा, रोलर फिरवणारा अनुभवी माणूस या दोन टोकांमधली जागा शोधत असतो. भीमा ओलांडून दौंडच्या बाजूला उतरलात की हे गणित बदलते. नदीकाठच्या काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भेगाळलेल्या रानात बैलाचा पाय अडकला तर मोडेल. अशा ठिकाणी धाव करायची तर मुरूम आणून टाकण्यावाचून इलाज नाही.

आता पायाकडे बघू. गाड्याची चाके नुसती फिरतात, ती जमिनीला रेटत नाहीत. सगळा रेटा येतो चार बैलांच्या सोळा पायांतून. बैलाचा खूर दुभंगलेला असतो. पाय टेकला की त्याचे दोन भाग फाकतात आणि मधली माती चिमटीत धरतात. जोर लागला की खुराच्या पुढच्या कडा आत रुततात. भरधाव पळताना बैलाचे एक-दोनच पाय जमिनीवर असतात, काही क्षण एकही नसतो. त्यामुळे टेकलेल्या पायावर बैलाच्या वजनापेक्षाही जास्त दाब येतो आणि कुलोंबच्या नियमाने पकडही त्याच क्षणी वाढते. रॅलीच्या मोटारीचे मातीवरचे टायर अरुंद आणि ठोकळेदार असतात तेही यासाठीच. वरचा सुटा थर कापून खालच्या टणक थरापर्यंत पोचायचे असते. डांबरावरचे रुंद टायर तिथे लावले तर मोटार सुट्या खड्यांवर तरंगत राहील.

आणि रॅलीचा ड्रायव्हर वळणावर गाडी आडवी घालतो तो काही प्रेक्षकांना खूश करायला नव्हे. सुट्या मातीवर चाक तिरके झाले की त्याच्या बाजूला मातीचा ढीग साचतो आणि तो ढीगच गाडीला आतल्या बाजूला रेटतो. चाक पूर्ण जखडून ब्रेक मारला तर चाकापुढे खडीचा बांध तयार होतो आणि गाडी लवकर थांबते. डांबरावर असे केले तर उलट अंतर वाढते. मातीवर चालवणारा माणूस जमीन हलवून तिच्याकडून पकड मिळवतो. मला तर या खेळातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

घाट चढाचाच का, याचेही उत्तर गणितात आहे. एक खिलार बैल ५०० किलोचा धरला तर चार बैलांचे दोन टन झाले. वेग सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर, धरू. या धावत्या वजनातली गतिज ऊर्जा होते एक लाख ज्यूल. तेच वजन एक मीटर उंच चढवायला जवळजवळ वीस हजार ज्यूल लागतात. म्हणजे बैलांनी जोर करणे थांबवल्यावर निव्वळ पाच मीटरची उंची त्यांचा सगळा वेग शोषून घेईल. निशाणापुढेही चढ असेल तर तोच ब्रेकचे काम करतो. सपाट मैदानावर हे दोन टन थांबवणार कोण? गाड्यावर तर कुणी नसते.

हाच हिशेब थोडा पुढे नेऊ. हा वेग चार सेकंदांत गाठला तर सरासरी २५ किलोवॅट शक्ती लागते, म्हणजे साधारण ३३ अश्वशक्ती. दर बैलामागे आठ. नांगराला जुंपलेली अख्खी बैलजोडी दिवसभर काम करताना जेमतेम एक अश्वशक्ती देते. मग हा उसना जोर येतो कुठून? स्नायूंमध्ये क्रिएटिन फॉस्फेट नावाचा एक तयार साठा असतो. तो वापरायला श्वासातल्या प्राणवायूची वाट पाहावी लागत नाही, पण पूर्ण जोर लावला तर तो आठ-दहा सेकंदांत रिकामा होत येतो. त्यानंतर साखर जाळून ऊर्जा मिळते. ती थोडी सावकाश मिळते. शंभर मीटर धावणाऱ्या माणसाचेही हेच असते, बैलाचेही हेच. म्हणजे बारीचे अकरा-बारा सेकंद जवळजवळ या साठ्याच्या मापाचे आहेत. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या घाटाची लांबी ठरवली त्यांनी स्नायूंचे रसायन वाचले नव्हते. बैल कुठे ढिला पडतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

उरली घोडी. रॅलीच्या मोटारीत ड्रायव्हरच्या शेजारी बसलेला सहकारी पुढचे वळण, चढ, उडी आधीच वाचून सांगत असतो. त्याच्याशिवाय त्या वेगाने जंगलात जाणे अशक्य. घाटात ते काम घोडी करते. बैलाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मागचा छोटा पट्टा सोडला तर त्याला भोवतालचे जवळजवळ सगळे दिसते आणि हालचाल त्याला फार चटकन टिपता येते. दोन्ही कडांना हजारो माणसे, हलगी, हवेत उधळलेला भंडारा. अशा गोंधळात कळपात राहणाऱ्या या जनावराला एकच सरळ रेघ दाखवावी लागते. पुढे पळणारी ओळखीची घोडी ही ती रेघ. म्हणून गाडामालक बैलांइतकाच जीव घोडीला लावतो, आणि बारी उत्तम बसली तर कौतुकात स्वाराचाही वाटा असतो.

बैल हे पळणारे जनावर आहे का, हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. ७ मे २०१४ च्या निकालाने शर्यती बंद झाल्या; बैलाची शरीररचना शर्यतीसाठी नाही असे त्यात म्हटले होते. २०१७ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, पण शर्यतींना सशर्त परवानगी मिळायला १६ डिसेंबर २०२१ उजाडला, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. आता नियमांनुसार धाव एक हजार मीटरपेक्षा लांब नसावी. काठी, चाबूक, विजेचा झटका यांना सक्त मनाई. हे नियम मला शर्यतीच्या विरोधातले मुळीच वाटत नाहीत. चाबूक गेला की उरते ती जोडीची निवड, खुराक, सराव, घोडीचे शिक्षण आणि घाटाची माती. गाडामालकाची खरी विद्या तीच आहे. जिथे हे नियम लपूनछपून मोडले जातात तिथे बैलाचे हाल होतात आणि खेळाचीही बेअब्रू होते.

प्रेक्षकांच्या बाबतीतही जगाने किंमत मोजून शिकलेला धडा आहे. १९८६ च्या पोर्तुगाल रॅलीत रस्त्याला खेटून उभ्या असलेल्या गर्दीत मोटार घुसली, तीन माणसे गेली, आणि त्या वर्षाअखेर सर्वांत जोरकस मोटारींचा तो वर्गच बंद झाला. घाटातला एक लाख ज्यूलचा हिशेब वर केलाच आहे. कठड्याच्या आत उतरून मोबाइलवर चित्रण करणाऱ्या पोराला तो समजावून सांगायला हवा.

धुळीचे शास्त्रही मजेशीर आहे. केसाच्या जाडीचा, म्हणजे दशांश मिलिमीटरचा कण दोन मीटर उंचीवरून चार-पाच सेकंदांत खाली येतो. त्याच्या दहाव्या हिश्शाचा कण मात्र चार मिनिटे हवेत राहतो. रॅलीत गाड्या दोन-तीन मिनिटांच्या, वारा पडलेला असेल तर त्याहून जास्त अंतराने सोडतात त्याचे कारण हे. शिवाय पहिल्या मोटारीला रस्त्यावरचे सुटे खडे झाडत जावे लागते. मागच्यांना खालचा टणक थर आयता मिळतो. आघाडीवरचा ड्रायव्हर म्हणूनच कोरड्या मातीवर मागे पडतो.

घाटात काय होत असेल? प्रत्येक बारीला सोळा पाय वरचा थर उकरतात, दुपारच्या उन्हात ओल उडते, मध्येच पाणी मारले जाते. सकाळची बारी आणि चारची बारी एकाच जमिनीवर पळाली असे खरेच म्हणता येईल का? ‘घाटाचा राजा’ हा मान दिवसभरातल्या सर्वांत कमी वेळेला मिळतो, म्हणून हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही.

वेळ मोजण्याचेही तसेच. सेकंदाला दहा मीटर वेगात शंभरावा हिस्सा सेकंद म्हणजे दहा सेंटिमीटर. निशाण पाहून बोटाने घड्याळ दाबायला माणसाला जवळपास पाव सेकंद लागतो, म्हणजे तेवढ्यात बैल दोन-अडीच मीटर पुढे गेलेले असतात. हा उशीर सुरुवातीला आणि शेवटी सारखाच असता तर अडचण नव्हती. तो दर वेळी बदलतो. २०११ ची जॉर्डन रॅली सेबास्तियाँ ओजिएने दोन दिवसांच्या धावपळीनंतर अवघ्या ०.२ सेकंदाने जिंकली. हातातल्या घड्याळावर असा निकाल देताच आला नसता. प्रकाशाचा किरण तुटला की आपोआप थांबणारी यंत्रणा काही घाटांवर आली आहे. ती सगळीकडे हवी, आणि ती बनवायला लांब जावे लागणार नाही. पाबळमध्येच डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम आहे, जिथे गावातली मुले हाताने यंत्रे बनवून विज्ञान शिकतात. दोन सेन्सर, एक छोटी संगणकीय पाटी आणि उन्हात वाचता येईल असा मोठ्या आकड्यांचा फलक एवढेच लागेल.

आणि यात्रा कमिट्यांच्या वह्यांत वेळ लिहिताना शेजारी बारीचा अनुक्रमांक, सुटल्याची वेळ आणि पाणी कधी मारले एवढे तीन रकाने वाढवावेत. एका हंगामात शंभर-दोनशे बाऱ्यांची अशी नोंद झाली, तर सकाळच्या पन्नास आणि संध्याकाळच्या पन्नास बाऱ्यांची सरासरी शेजारी-शेजारी ठेवून सकाळचा घाट जलद की संध्याकाळचा हे कुठलाही दहावीचा विद्यार्थी काढून दाखवील, आणि पुढच्या यात्रेला पाणी केव्हा व किती मारायचे हे त्यावरून ठरवता येईल.