आपोआप इन्स्टॉल झाली, पण अपडेट झाली का?

११ ऑगस्ट २००३ रोजी ब्लास्टर नावाचा वर्म विंडोज २००० आणि एक्सपीच्या संगणकांत पसरू लागला. ज्या छिद्रातून तो शिरत होता, ते बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने १६ जुलैलाच दिला होता. तरीही त्यानंतर सीडीवरून नव्याने विंडोज चढवलेले संगणकसुद्धा त्याच्या तावडीत सापडले. सीडीवरचे विंडोज पॅचच्या आधीचे. पॅच आणायचा तर संगणक नेटला जोडावा लागे, आणि पॅच उतरण्याच्या आत वर्म आत आलेला असे. पुढच्या वर्षी सँस संस्थेच्या इंटरनेट स्टॉर्म सेंटरने पॅच नसलेला विंडोज संगणक नेटवर किती वेळ तग धरतो हे मोजले, तेव्हा सरासरी निघाली सुमारे २० मिनिटे.

मायक्रोसॉफ्टने यातून धडा घेतला. २००४ मध्ये एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ ने फायरवॉल आपणहून चालू ठेवायला सुरुवात केली. २००५ मध्ये विंडोज सर्व्हर २००३ च्या सर्व्हिस पॅक १ मध्ये तर नव्या इन्स्टॉलेशननंतर अपडेट्स होईपर्यंत बाहेरून येणारी जोडणी अडवून धरण्याची सोय आली. नवीकोरी सिस्टिम म्हणजे सुरक्षित सिस्टिम, ही समजूत तिथेच मोडायला हवी होती. ती मोडली नाही. शेकडो संगणकांवर कुणीही समोर न बसता ऑपरेटिंग सिस्टिम चढवली जाते तिथे ती आजही टिकून आहे, आणि तिच्याभोवती आणखी काही समजुती जमल्या आहेत.

विनादेखरेख इन्स्टॉलेशनचे तत्त्व सोपे आहे. भाषा कोणती, डिस्कचे भाग कसे पाडायचे, कोणती पॅकेजेस हवीत, हे इन्स्टॉलर एरवी विचारतो ते सारे एका फाइलमध्ये आधीच लिहून ठेवायचे. विंडोजमध्ये ही ऑटोअनअटेंड नावाची एक्सएमएल फाइल असते, डेबियनमध्ये प्रीसीड, रेड हॅट घराण्यात किकस्टार्ट आणि उबुंटू सर्व्हरमध्ये २०.०४ पासून ऑटोइन्स्टॉल. नेटवर्कवरून बूट झालेला संगणक ही फाइल वाचतो आणि कामाला लागतो.

‘फाइल दिली की अपडेट्सही तोच घेतो’ असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती अशी की हे प्रत्येक इन्स्टॉलरवर आणि लिहिलेल्या उत्तरांवर अवलंबून असते. उबुंटूच्या ऑटोइन्स्टॉलमध्ये ‘अपडेट्स’ या नोंदीला काहीच लिहिले नाही तर फक्त सुरक्षेचे पॅच घेतले जातात. सगळेच हवे असतील तर तसे लिहावे लागते. इन्स्टॉलेशनच्या वेळी नेटवर्क नसेल तर ही पायरी गाळून इन्स्टॉलर पुढे जातो. डेबियनच्या प्रीसीडमध्ये इन्स्टॉल होताना पॅकेजेस अपग्रेड करायची का हा एक प्रश्न, आणि पुढे रोजची सुरक्षा अपडेट्स आपोआप घ्यायची का हा दुसरा प्रश्न. पहिल्याचे उत्तर लिहून दुसरे विसरलेला सर्व्हर पहिल्या दिवशी ताजा असतो आणि सहा महिन्यांनी त्याच जागी थांबलेला सापडतो. किकस्टार्टमध्ये अपडेट्सचे भांडार ‘रेपो’च्या ओळीत दिले, तर अ‍ॅनाकोंडा हा इन्स्टॉलर पहिल्याच फटक्यात नवी पॅकेजेस उतरवतो. नुसती डीव्हीडी दाखवली तर डीव्हीडीवर जे असेल तेच.

आता सर्वांत चिवट समजूत: ‘नॉनइंटरॅक्टिव्ह’ लिहिले की सिस्टिम काही विचारत नाही. डेबियन आणि उबुंटूवर हे अर्धेच खरे आहे. त्या शब्दाने डेबकॉन्फचे, म्हणजे पॅकेज बसवताना सेटिंग्ज विचारणाऱ्या साधनाचे, प्रश्न बंद होतात. पण डीपीकेजी हे खालचे साधन आपला एक प्रश्न वेगळा राखून असते. समजा, इन्स्टॉलेशनच्या शेवटी चालणाऱ्या आज्ञांमधून एखाद्या सेवेची कॉन्फिगरेशन फाइल बदलली. नंतर त्या पॅकेजच्या अपडेटबरोबर तीच फाइल नव्या रूपात आली. डीपीकेजी थांबते आणि विचारते, तुमची फाइल ठेवू की पॅकेजची? समोर कीबोर्डच नसेल तर ते त्रुटी देऊन बाहेर पडते आणि पॅकेज अर्धवट बसलेले राहते. त्यासाठी जुनी फाइल ठेवण्याचा ‘फोर्स-कॉन्फओल्ड’ हा पर्याय आधीच द्यावा लागतो.

रोजचे पॅच घेणारे अनअटेंडेड-अपग्रेड्स हे पॅकेज या बाबतीत अधिक सावध आहे, आणि त्या सावधपणातच धोका आहे. असा प्रश्न येणार हे त्याला आधी कळते, म्हणून ते ते पॅकेज बाजूला ठेवते आणि लॉगमध्ये लिहिते की हे हाताने अपग्रेड करा. बाकीची पॅकेजेस नीट पुढे जातात. सर्व्हर चालू राहतो, सेवा चालू राहते, आणि छिद्र असलेले नेमके ते एक पॅकेज जुनेच राहते. लॉग कुणी उघडला नाही तर महिनोन्‌महिने हे कळत नाही. हाताने बदललेली कॉन्फिगरेशन बहुधा महत्त्वाच्या सेवेचीच असते, हे लक्षात घेतले तर ही गोष्ट किती गंभीर आहे ते कळते.

पहिल्या बूटच्या वेळी आणखी एक गोंधळ ठरलेला. सिस्टिम उठते, आपोआप अपडेट घेणारा टायमर सुरू होतो आणि डीपीकेजीचे कुलूप लावतो. त्याच क्षणी प्रशासकाची स्क्रिप्ट पॅकेज बसवायला येते, तिला कुलूप मिळत नाही आणि ती कोसळते. बरेच जण यावर उपाय म्हणून स्वयंचलित अपडेटच बंद करून टाकतात. हा उपाय चुकीचा आहे. डीपीकेजीच्या वर बसणाऱ्या एपीटी या साधनाच्या अलीकडच्या आवृत्त्यांत कुलूप सुटेपर्यंत ठरावीक सेकंद थांबण्याची सोय आहे. ती वापरली की दोन्ही कामे ओळीने होतात.

‘अपडेट बसला म्हणजे लागू झाला’ हाही गैरसमजच. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधील हार्टब्लीड उघड झाले, तेव्हा अनेक सर्व्हरांवर डिस्कवरची लायब्ररी बदलली गेली, पण चालू असलेला वेब सर्व्हर स्मृतीतली जुनी लायब्ररीच वापरत राहिला. सेवा पुन्हा सुरू केल्याखेरीज पॅचला अर्थ नव्हता. कर्नलच्या बाबतीत तर रीबूटच लागतो, आणि अनअटेंडेड-अपग्रेड्स स्वतःहून रीबूट करत नाही. तो पर्याय मुळात बंद असतो. म्हणून इन्स्टॉलेशनच्या फाइलमध्येच रीबूटची वेळ ठरवणे हा अपडेटचा भाग मानायला हवा.

विंडोजच्या जगात दुसरा मार्ग अधिक रूढ आहे. डिस्म या साधनाने पॅच थेट इन्स्टॉलेशनच्या प्रतिमेत मिसळायचे, म्हणजे संगणक जन्मतःच अपडेटेड. मार्ग उत्तम आहे, ब्लास्टरसारख्या प्रसंगावर तोच खरा उतारा आहे. पण एकदा प्रतिमा तयार झाली की प्रश्न मिटला, असे मात्र नाही. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत ऑक्टोबर किंवा नोव्हेंबर २०२४ चे सुरक्षा अपडेट मिसळून तयार केलेल्या माध्यमावरून इन्स्टॉल केलेले संगणक पुढची सुरक्षा अपडेट्स स्वीकारत नसत. डिसेंबर २०२४ चे अपडेट मिसळून माध्यम नव्याने बनवा, असे मायक्रोसॉफ्टला सांगावे लागले. प्रतिमा बनवल्यावर एका संगणकावर ती चढवायची आणि पुढच्या महिन्याचा पॅच त्यावर खरोखर बसतो का ते पाहायचे, ही चाचणी त्यामुळे टाळता येत नाही.

राहिला ‘स्वयंचलित आहे, मग बघायचे काय?’ हा प्रश्न. मे २०१४ मध्ये अमेरिकेतील एमोरी विद्यापीठात विंडोज ७ ची इन्स्टॉलेशन प्रतिमा चुकून विद्यापीठातल्या सर्व विंडोज संगणकांकडे रवाना झाली. लॅपटॉप, डेस्कटॉप आणि सर्व्हरसुद्धा पुसून नव्याने इन्स्टॉल होऊ लागले. ही प्रतिमा पाठवणारा सर्व्हरही त्यातून सुटला नाही. तंत्र सांगितले तसेच वागले होते. कोणत्या संगणकांवर जायचे, ही यादी चुकली होती. जाणते प्रशासक म्हणून आधी चार-पाच चाचणीचे संगणक, मग एक छोटा गट, मग उरलेले, असा क्रम ठेवतात. प्रत्येक टप्प्यानंतर बसलेल्या पॅकेजेसची यादी, चालू कर्नलची आवृत्ती आणि बाजूला ठेवलेल्या पॅकेजेसच्या नोंदी एका ठिकाणी गोळा होतात, आणि त्या जुळल्यावरच पुढच्या गटाची पाळी येते.