दुरावलेल्या सखीची आढ्यता : ‘द बेबी-सिटर्स क्लब’ मालिकेतील लेन कमिंग्ज

१

कुमारवयीन मुलींसाठी लिहिल्या गेलेल्या इंग्रजी कथामालिकांत एक व्यक्तिरेखा पुनःपुन्हा भेटते. ती नायिकेची एकेकाळची जिवलग मैत्रीण असते. आता मात्र तिला नायिका, नायिकेचे मित्रमंडळ आणि त्यांचे साधे उद्योग कमी दर्जाचे वाटू लागलेले असतात. संस्कृत नाट्यपरंपरेच्या परिभाषेत सांगावयाचे तर ‘सखी’ची ‘प्रतिनायिका’ झालेली असते. अशा व्यक्तिरेखेकडे समीक्षेने फारसे लक्ष दिलेले नाही. ती दुय्यम असते, थोड्याच खंडांत दिसते आणि तिचे वागणे इतके उघडपणे चुकीचे असते की तिच्याविषयी अधिक काही बोलण्याची आवश्यकता भासत नाही. प्रस्तुत लेखात ॲन एम. मार्टिन यांच्या ‘द बेबी-सिटर्स क्लब’ या अमेरिकन मालिकेतील लेन कमिंग्ज या व्यक्तिरेखेच्या आधारे हा समज तपासून पाहावयाचा आहे. लेनचा दोष नेमका कोणता, आणि तो दोष ठरविण्याचा अधिकार या मालिकेत कोणाकडे आहे, हे दोन प्रश्न या विवेचनाच्या केंद्रस्थानी आहेत.

२

प्रथम मालिकेची रचना लक्षात घ्यावयास हवी. स्कोलॅस्टिक या प्रकाशनसंस्थेतील संपादक जीन फाइवेल यांच्या कल्पनेतून ही मालिका निघाली. १९८६ साली ‘क्रिस्टीज ग्रेट आयडिया’ हा पहिला खंड प्रसिद्ध झाला. आरंभी केवळ चार पुस्तकांची योजना होती. प्रत्यक्षात मालिका २००० सालापर्यंत चालली आणि मुख्य क्रमांकित खंडांचीच संख्या १३१ झाली. आरंभीचे खंड मार्टिन यांनी स्वतः लिहिले. पुढे पीटर लेरँजिस यांच्यासारख्या अन्य लेखकांनीही अनेक खंड लिहिले. कनेक्टिकट राज्यातील स्टोनीब्रुक या काल्पनिक गावातील काही शाळकरी मुली एकत्र येऊन शेजारपाजारची लहान मुले सांभाळण्याचा छोटा व्यवसाय सुरू करतात, हे मालिकेचे मूळ सूत्र. प्रत्येक खंड क्लबाच्या एकेका सदस्येने प्रथमपुरुषी निवेदनातून सांगितलेला असतो.

या सदस्यांपैकी स्टेसी मॅगिल ही न्यूयॉर्क शहरातून गावात आलेली मुलगी. तिचे कपडे, केशरचना, बोलणे यांत महानगराची छाप आहे आणि गावातील मैत्रिणींना त्याचे अप्रूप आहे. लेन कमिंग्ज ही तिची न्यूयॉर्कमधील बालमैत्रीण. लेनचे वडील ब्रॉडवेवरील नाटकांचे निर्माते असून हे कुटुंब सेंट्रल पार्कलगतच्या ‘डकोटा’ या प्रसिद्ध इमारतीत राहते. म्हणजे लेनची श्रीमंती आणि सांस्कृतिक प्रतिष्ठा लेखिकेने आरंभीच पत्त्यासह नोंदवून ठेवलेली आहे.

३

लेनचा पहिला दुरावा १९८६ सालच्याच ‘द ट्रूथ अबाउट स्टेसी’ या तिसऱ्या खंडात कळतो. स्टेसीला मधुमेह आहे. तिला रोज इन्सुलिनची इंजेक्शने घ्यावी लागतात. रोगाचे निदान होण्यापूर्वी ती लेनकडे मुक्कामाला गेली असता रात्री तिच्याकडून अंथरूण ओले होते. या प्रसंगानंतर लेन तिच्यापासून दूर होते. पुढे आजारपणामुळे शाळेतील इतर मुलीही स्टेसीला टाळू लागतात. स्टोनीब्रुकला आल्यावर स्टेसी आपला आजार नव्या मैत्रिणींपासून लपविते आणि गोड न खाण्याचे कारण म्हणून आपण आहार सांभाळत असल्याचे सांगते. एका मैत्रिणीने नाकारल्यामुळे पुढच्या सर्वच मैत्रिणींविषयी मनात साशंकता निर्माण होते, हा कार्यकारणभाव मार्टिन यांनी अत्यंत साध्या शब्दांत, पण अचूकपणे मांडला आहे.

या खंडातील लेन आढ्यताखोर नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. ती भांबावलेली आहे. जिवलग मैत्रिणीच्या शरीरात काहीतरी बिघडले आहे आणि त्याचे नाव कोणीच सांगत नाही, अशा स्थितीत अकरा-बारा वर्षांची मुलगी क्रूरपणे वागते; ती क्रूरता अज्ञानातून आलेली आहे. म्हणूनच खंडाच्या अखेरीस दोघींचा समेट होऊ शकतो. अज्ञान दूर झाल्यावर मैत्री परत येते, असा हा सरळ नैतिक हिशेब आहे.

४

दुसऱ्या दुराव्याचे स्वरूप सर्वस्वी भिन्न आहे. १९९२ सालच्या ‘स्टेसीज एक्स-बेस्ट फ्रेंड’ या ५१व्या खंडात लेन सुटीत स्टोनीब्रुकला पाहुणी म्हणून येते. आता तिला पंधरा वर्षांचा मित्र आहे. गाव तिला कंटाळवाणे वाटते, स्टेसीच्या मैत्रिणी बालिश वाटतात आणि मुले सांभाळण्याचे काम हास्यास्पद वाटते. शाळेतील व्हॅलेंटाइन नृत्याच्या कार्यक्रमातही तिचा तुसडेपणा सुटत नाही. शेवटी ही मैत्री संपल्याचे स्टेसी स्वतःशी मान्य करते आणि तसे लेनला सांगते. या वेळी समेट नाही.

मराठीतील ‘आढ्यता’ हा शब्द येथे विशेष उपयुक्त ठरतो. ‘आढ्य’ या संस्कृत शब्दाचा अर्थ धनवान असा आहे. मराठीत मात्र ‘आढ्यता’ म्हणजे धनाचा नव्हे तर मनाचा ताठा. संपत्तीकडून स्वभावाकडे झालेला हा प्रवास एकाच शब्दात साठलेला आहे, आणि लेनच्या व्यक्तिरेखेचा प्रवासही नेमका तसाच आहे. ‘डकोटा’मधील घर पूर्वीही होते, वडिलांचा व्यवसायही तोच होता. पहिल्या समेटानंतर या गोष्टी केवळ पार्श्वभूमी म्हणून येत होत्या. ५१व्या खंडात त्याच गोष्टी स्वभावाचे स्पष्टीकरण बनतात. वाचकाला वाटते, ‘ही पहिल्यापासूनच अशी होती.’ वस्तुतः ती पहिल्यापासून अशी नव्हती. निवेदनाने तिची जुनीच सामग्री नव्या अर्थाने वापरली आहे.

५

असे करण्याची गरज का पडली असावी? याचे उत्तर मालिकेच्या कालरचनेत शोधावे लागते. आरंभी या मुली बारा वर्षांच्या, सातवीतील होत्या. १९८८ सालच्या दहाव्या खंडापासून त्या आठवीत गेल्या आणि त्यानंतर शंभराहून अधिक खंड त्या आठवीतच राहिल्या. उन्हाळे आले, नाताळ आले, व्हॅलेंटाइनचे दिवस आले. पण वय तेराच. दीर्घ मालिकेची ही व्यावहारिक गरज आहे. नायिका मोठ्या झाल्या तर मुले सांभाळण्याचा क्लब टिकणार नाही, आणि आठ ते बारा वयोगटातील वाचकवर्गही टिकणार नाही.

या थांबलेल्या काळात लेन ही एकमेव अशी मुलगी आहे की जिचा काळ चालत राहिला. तिला मोठ्या मुलांत वावरावयाचे आहे, बालपणीचे उद्योग सोडावयाचे आहेत. कौमार्यातून तारुण्याकडे जाताना असा अधीरपणा अनेक मुलींच्या ठायी असतो. तो स्वतःहून निंद्य नाही. परंतु मालिकेच्या दृष्टीने तो धोकादायक आहे, कारण ‘मुले सांभाळणे हे पोरकट आहे’ हे लेनचे वाक्य सबंध मालिकेचा पायाच नाकारते. त्यामुळे तिचे मोठे होणे हे आढ्यतेच्या रूपातच दाखविणे भाग पडते. लेन उद्धट आहे, यात शंका नाही. पण तिच्या उद्धटपणात गुंतलेला वाढीचा प्रश्न निवेदन बाजूला ठेवते आणि केवळ उद्धटपणाला शिक्षा देते. मैत्री दोन वेगवेगळ्या गतींनी वाढणाऱ्या मुलींमध्येही तुटू शकते, त्यात कोणी दोषी असेलच असे नाही, ही शक्यता त्यामुळे वाचकापुढे येतच नाही.

६

दुसरे कारण निवेदनपद्धतीत आहे. क्रमांकित मालिकेत निवेदनाचा हक्क क्लबाच्या सदस्यांकडे आहे. लेन सदस्य नसल्यामुळे ती नेहमीच दुसऱ्याने सांगितलेली असते. ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली ‘ॲस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल’मध्ये केलेला ‘सपाट’ व ‘गोल’ व्यक्तिरेखांचा भेद येथे आठवतो. लेन सपाट आहे असे म्हणणे सोपे आहे. परंतु तिचे सपाटपण हा तिचा गुण नसून पाहणाऱ्याच्या जागेचा परिणाम आहे, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

याचा पुरावा मालिकेतच मिळतो. १९८८ सालच्या ‘स्टेसीज मिस्टेक’ या अठराव्या खंडात स्टेसी काही काळ न्यूयॉर्कला परतलेली असताना तिच्या स्टोनीब्रुकच्या मैत्रिणी तिला भेटावयास येतात. महानगरात त्यांचे मोठमोठ्याने बोलणे, भाबडे कुतूहल, शहराची भीती या सर्वांची स्टेसीला लाज वाटते. लेनसमोर आपल्या मैत्रिणी गावंढळ दिसत आहेत, ही तिची बोचणी आहे. क्लॉडिया लेनविषयी मत्सर बाळगते आणि तिच्याशी फटकून वागते. म्हणजे आढ्यता या खंडात स्टेसीच्या मनात आहे आणि तुसडेपणा क्लॉडियाच्या वागण्यात. पण स्टेसीला निवेदन आहे. तिला आपली लाज कबूल करता येते, तिचे कारण सांगता येते आणि वाचकाची क्षमाही मिळविता येते. चार वर्षांनी लेनच्या मनात तीच भावना आली असता तिला यांपैकी काहीच करता येत नाही. समान भावनेला एकीकडे ‘चूक’ आणि दुसरीकडे ‘स्वभाव’ अशी दोन नावे मिळतात, ती केवळ निवेदनाच्या हक्कामुळे.

आणखी एक उदाहरण यापुढे जाते. १९९५ साली ‘स्टेसी व्हर्सस द बीएससी’ या ८३व्या खंडात स्टेसीलाच क्लब पोरकट वाटू लागतो. ती नव्या, अधिक ‘मोठ्या’ वाटणाऱ्या मित्रमंडळात रमते आणि क्लब सोडते. त्याच वर्षीच्या ‘स्टेसी अँड द बॅड गर्ल्स’ या ८७व्या खंडात त्या मंडळाचे खरे रूप, दुकानातील चोरीसह, तिला कळते आणि ती क्लबाकडे परत येते. या काही खंडांपुरती स्टेसी क्रिस्टी व क्लॉडियाच्या दृष्टीने तीच भूमिका करीत आहे, जी लेनने तिच्यासमोर केली होती : दुरावलेली, वरचढ वाटणारी, जुन्या मैत्रिणींना कमी लेखणारी मैत्रीण. ‘आढ्यताखोर माजी मैत्रीण’ ही कोणा एका मुलीची प्रकृती नसून मैत्रीच्या बदलत्या नात्यातील एक जागा आहे, आणि त्या जागी कोणीही उभे राहू शकते, हे मालिका स्वतःच नकळत सिद्ध करते. फरक एवढाच की स्टेसीला परत येण्याचा मार्ग ठेवलेला आहे.

७

या विवेचनाचा अर्थ असा नव्हे की मार्टिन यांनी लेनवर अन्याय केला म्हणून मालिका त्याज्य ठरते. उलट ५१व्या खंडाची एक गोष्ट मोलाची मानावी लागेल. बालकुमारांसाठीच्या कथांत भांडणानंतर समेट हा जवळजवळ नियमच असतो. येथे तो नियम मोडला आहे. प्रत्येक मैत्री टिकवावीच असे नाही. अपमान सहन करून जुन्या नात्याला चिकटून राहण्याचे कारण नाही, हे तेरा वर्षांच्या नायिकेला कळते आणि त्यासाठी तिला अपराधी वाटून घ्यावे लागत नाही. मुलींना सर्वांशी जुळवून घेण्याची शिकवण सर्वत्र मिळत असताना हा निष्कर्ष धाडसाचा आहे. आजाराच्या संदर्भात त्याचे मोल आणखी वाढते. जिला एकदा रोगामुळे नाकारले गेले होते, ती मुलगी या वेळी स्वतः निर्णय घेते; नाकारली जाण्याची वाट पाहत नाही.

तथापि या निष्कर्षाची किंमत लेनने मोजली आहे. नायिकेचा निर्णय निर्दोष दिसावा म्हणून प्रतिनायिकेला संपूर्णपणे दोषी व्हावे लागले. वाचणाऱ्या मुलीने स्वतःला स्टेसीच्या जागी पाहावे, अशीच या लेखनाची योजना आहे, आणि ती यशस्वी होते. परंतु पुस्तक वाचणाऱ्या मुलींपैकी काही जणी कोणाच्या तरी आयुष्यात लेन झालेल्या असतात किंवा पुढे होणार असतात. त्यांच्यासाठी या खंडात जागा नाही; त्यांना ती ८३ व ८७ या खंडांपर्यंत थांबून, स्टेसीच्याच रूपाने शोधावी लागते. मालिकेतील एकेक खंड सुटा वाचला असता जो निवाडा अंतिम वाटतो, तो खंड एकत्र वाचले असता सैल होतो. मालिकारूप साहित्याचा अभ्यास सुट्या पुस्तकांच्या आधारे न करता समग्र मालिकेच्या आधारे करावयास हवा, याचे लेन कमिंग्जइतके चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.